दारूबंदीने गुन्हेगारी वाढते काय?

जी वस्तू मनुष्याच्या देहाचा, घराचा व आत्म्याचा नाश करिते ती कायद्याने बंद करावी, हे कोणाही सुज्ञास सरळ दिसते. तथापि आपल्या मंडळ्यांतील काही विचारी माणसे, विशेषतः शिकलेले तरुण, असा प्रश्न करितात की, बंदीने दारू जाते कोठे? ती दुकानातून निघते आणि चोराच्या हाती पडते, व तिच्या मागोमाग सुरा, लाच आणि विषारी भट्टी ही गावात शिरतात. मग बंदी मागणे हे पुण्य म्हणावे की पाप? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. आज अनेक गावी स्त्रिया बाटली आडवी करण्याकरिता मतदान मागत आहेत, आणि धर्मशिक्षकापाशी सहीसाठी कागद येत आहे. सही करावयाची तर ती समजून करावी, आणि न करावयाची तर तेही समजून. यास्तव ह्या विषयाच्या दोन्ही बाजू वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम अमेरिकेकडे पाहू. कारण तेथील बंदी ही बहुतांशी आपल्यासारख्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या प्रार्थनेचे व परिश्रमाचे फळ होते. तिकडील ख्रिस्ती स्त्रियांचा मद्यपाननिषेधक संघ १८७४ साली स्थापन झाला. पंडिता रमाबाई यांनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेवरील आपल्या मराठी ग्रंथात ह्या संघाच्या कार्याची माहिती आपल्या लोकांस दिली आहे. गुत्ते बंद करविण्यासाठी निघालेली दुसरी सभा १८९३ पासून देवळादेवळांतून काम करू लागली. अखेरीस राज्यघटनेत अठरावी दुरुस्ती होऊन १७ जानेवारी १९२० पासून त्या अवघ्या देशात मद्य करणे, विकणे व नेणे-आणणे हा गुन्हा ठरला. तुरुंग ओस पडतील, गरिबांची मुले पोटभर जेवतील, असे त्या वेळी पुष्कळांस वाटले.

ही आशा अगदीच फोल ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे आरंभी लोकांचे पिणे पूर्वीच्या सुमारे एकतृतीयांशावर आले. यकृत सडून होणारे मृत्यू त्या काळात कमी होते. परंतु थोड्याच वर्षांत पिणे पुनः वाढून पूर्वीच्या साठसत्तर टक्क्यांपर्यंत गेले. आणि ह्या वेळी ते पुरविणारे लोक निराळे होते. शिकागो शहरात अल कपोन व त्याचे प्रतिस्पर्धी यांच्या टोळ्या उभ्या राहिल्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी सात माणसांस एका गाडीखान्यात भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. पुढे कपोनला १९३१ साली अकरा वर्षांची शिक्षा झाली खरी, पण ती खुनाबद्दल किंवा दारूबद्दल नव्हे, तर प्राप्तीवरील कर चुकविल्याबद्दल. इतके साक्षीदार भ्याले होते व इतके अधिकारी विकले गेले होते. कारखान्यांत लागणारे अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून सरकारी आज्ञेने त्यात मिथिल अल्कोहोल हे विष मिसळीत. चोरटे तेच पळवून, अर्धेमुर्धे शुद्ध करून विकीत, आणि पिणारे मरत. प्रभुभोजनाच्या द्राक्षारसास कायद्याने सवलत होती, तिच्याही आडून लबाडी झाली. शेवटी ५ डिसेंबर १९३३ रोजी ती बंदी उठली. त्या देशातील हत्यांचे प्रमाण १९३३ च्या सुमारास कळसास पोहोचले व नंतर उतरत गेले. ते १९२० च्या पूर्वीपासूनच चढत होते, आणि मंदीचे संकटही त्याच काळात आले. म्हणून सारा दोष बंदीच्या माथी मारता येत नाही. पण काही दोष तिचा होता, हे कोणी नाकारीत नाही.

असे का व्हावे? कारण समजून घेतले म्हणजे पुढील विचार सुलभ होईल. पहिले असे की, मागणी तशीच राहून पुरवठा गुन्हा ठरला म्हणजे भाव चढतो, आणि तुरुंगाचे भय ज्यास वाटत नाही त्यालाच तो चढलेला नफा मिळतो. भला दुकानदार धंदा सोडतो; निर्भीड गुंड तो उचलतो. दुसरे असे की, धान्याच्या व्यापाऱ्यास कोणी फसविले तर तो कोर्टात जातो. हातभट्टीवाल्यास कोर्ट नाही. त्याची उधारी, त्याची हद्द, त्याचा करार, ह्या सर्वांचा निवाडा सुऱ्यानेच व्हावयाचा. तिसरे असे की, असा धंदा पोलिसांच्या डोळ्यांआड फार दिवस चालत नाही. म्हणून डोळे मिटण्याची किंमत द्यावी लागते, तीच हप्ता होय. नफा, न्यायाचा अभाव व हप्ता ह्या तीन दोऱ्यांनी टोळीचा दोर वळला जातो.

आपल्या इलाख्यातही हेच घडले. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. एप्रिल १९५० पासून बंदी सर्वत्र लागू झाली. त्यानंतर मुंबईच्या खाड्यांच्या दलदलीत व झोपडपट्ट्यांत हातभट्ट्या पेटल्या. वरदराजन मुदलियार याचे नाव ह्याच धंद्यात पुढे आले, आणि गरीब वस्तीत लोक त्याच्यापाशी न्याय मागावयास जाऊ लागले. गुन्हेगार न्यायाधीश झाला, ह्याहून समाजाची अधिक मानहानी ती कोणती? सोन्याचीही गोष्ट तशीच. १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने व आयातीवरील बंदीने कोकणच्या किनाऱ्यावर चोरट्या सोन्याचा व्यापार भरभराटीस आला. तो कायदा १९९० साली रद्द झाला. पण त्या व्यापाराने पाडलेल्या वाटा मिटल्या नाहीत. त्याच वाटांनी, लाच खाल्लेल्या काही अधिकाऱ्यांच्या नजरेखालून, १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली. आणि १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे मेली. सोन्याच्या चार विटांकरिता ज्याने प्रथम डोळे मिटले, त्याच्या मनात हे नव्हते. पण लहान लाच मोठ्या पापास दार उघडून देते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, निकाल लागला. बंदी वाईट, ती नसावी. थांबा, वाचकहो. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणे हे देवाच्या लोकांस शोभत नाही.

पहिली गोष्ट. गुन्हे मोजणारे जे मोजतात ते पोलिसांच्या वहीत असते. शिकागोच्या गाडीखान्यातील सात प्रेते जगाने मोजली. परंतु परवान्याच्या दुकानातून राजरोस पिऊन घरी आलेल्या मनुष्याने बायकोस जे तडाखे मारिले, ते कोणत्या वहीत आहेत? मजुरीच्या पैशांतून मुलाची वही न येता बाटली आली, ही चोरी कोणत्या ठाण्यात नोंदली? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०१९ ह्या एका वर्षात मद्यामुळे जगात सुमारे २६ लक्ष माणसे मेली. आणि मद्य बहुतेक देशांत कायदेशीर आहे. टोळीची हिंसा चव्हाट्यावर दिसते. गुत्त्याची हिंसा घराच्या दाराआड होते. जो केवळ पहिलीच मोजतो आणि दुसरी सोडून देतो, तो तराजूचे एक पारडे हाताने दाबून धरितो. ज्यांचे दुःख मोजले जात नाही, त्या बहुधा स्त्रिया व मुले असतात. आणि बंदी मागणाऱ्याही बहुधा स्त्रियाच असतात. ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे.

दुसरी गोष्ट. विषारी दारूचे मरण बंदीच्याच गावी येते असे नाही. गुजरातेत, जेथे बंदी आहे, तेथे जुलै २०२२ मध्ये बोटाद व शेजारच्या भागात चाळिसांहून अधिक माणसे मिथेनॉल पिऊन मेली, हे खरे. परंतु जून २०१५ मध्ये मुंबईस मालाडच्या मालवणीत शंभरांहून अधिक माणसे मेली, तेथे तर परवान्याची दुकाने उघडी होती. ती माणसे मेली, कारण दुकानातील दारू त्यांच्या खिशास परवडत नव्हती. म्हणजे बंदी असो वा भारी कर असो, गरिबाच्या वाट्यास चोरटी बाटली येतेच. मिथेनॉलाचे पोटात गेल्यावर शरीरातच दुसरे विष होते; प्रथम दृष्टी अंधुक होते, मग श्वास कोंडतो. पिणाऱ्यास डोळ्यांपुढे धुके दिसू लागले तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळात न्यावे. वेळेवर उपचार झाल्यास प्राण वाचतो. पोलिसांच्या भयाने घरी लपवून ठेवणे हे त्याला मारणेच आहे.

तिसरी गोष्ट. बंदी उठविली म्हणून टोळी विरघळत नाही. अमेरिकेत बंदी गेल्यावर त्या टोळ्या जुगारात, अफूच्या व्यापारात व कामगार संघांत शिरल्या. मुंबईत सोन्याचा नफा गेल्यावर खंडणी आली. चोरास धंदा देणे सोपे आहे. त्याच्यापासून तो काढून घेणे कठीण आहे.

आता शास्त्राकडे वळू. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हाच गूढ विषय हाताळतो. आज्ञा पवित्र आहे, तरी पाप त्याच आज्ञेचे निमित्त करून मनुष्याच्या ठायी अधिक चेतते, असे तो शिकवितो. ह्यावरून आज्ञा पापी आहे असे तो म्हणत नाही. तो विचार तो जोराने झिडकारितो. पण आज्ञेने मनुष्य शुद्ध होत नाही, हेही तो तितक्याच जोराने सांगतो. ह्या एका अध्यायात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जो म्हणतो, "बंदीने गुन्हे होतात, म्हणून बंदी पाप," तो पौलाचा पूर्वार्ध विसरतो. जो म्हणतो, "बंदी झाली, आता गाव पवित्र झाले," तो उत्तरार्ध विसरतो.

इफिस शहरात देमेत्रिय सोनाराने दंगल माजविली ती पौलाच्या उपदेशाने मूर्तींचा धंदा बसू लागला म्हणून. त्या दंगलीचा दोष पौलाकडे नव्हता. चांगल्या कामाने कोणाचा वाईट नफा बुडाला व तो खवळला, तर खवळण्याचा हिशोब त्यानेच द्यावयाचा. कोणी म्हणेल, दारूबंदीची हिंसाही अशीच नव्हे काय? काही अंशी होय. गावातील स्त्रियांनी भट्टी फोडिली व भट्टीवाल्याने त्यांस मारिले, तर ती इफिसचीच दंगल आहे. परंतु दोन टोळ्या एकमेकींशी ज्या नफ्यासाठी लढतात, तो नफा बुडालेला नसून कायद्यानेच वाढविलेला असतो. तेथे कायदा करणाराने आपले हात धुऊन मोकळे होता येत नाही. ज्याने विहिरीस कठडा बांधावयाचा म्हणून दगड आणिले व ते रस्त्यातच टाकून दिले, त्याला त्या दगडांवर ठेचाळणाऱ्यांबद्दल जबाब द्यावा लागेल.

तसेच मोशेने सूटपत्राची मुभा दिली ती लोकांच्या अंतःकरणाची कठीणता पाहून दिली, असे प्रभूने स्वतः सांगितले. म्हणजे देवाच्या लोकांचा कायदादेखील लोकांची शक्ती पाहून केला जातो. तो नीतीचा सर्वोच्च नियम नव्हे. राज्याने एखादी गोष्ट गुन्हा ठरविली नाही, म्हणजे ती ख्रिस्ती मनुष्यास मोकळी झाली असे होत नाही. आणि आम्ही एखादी गोष्ट पाप मानितो, म्हणून ती राज्याने दंडुक्याने थांबवावीच असेही होत नाही. हा भेद आमच्या मंडळ्यांत नीट शिकविला गेला पाहिजे.

परंतु ह्या सर्वांहून आमच्या मनास लागणारा दृष्टांत मत्तयाच्या बाराव्या अध्यायातील आहे. अशुद्ध आत्मा मनुष्यातून निघाला, घर झाडून नीटनेटके झाले, पण रिकामे राहिले. तेव्हा तो आपल्याहून दुष्ट असे सात आत्मे घेऊन परत आला, आणि शेवटची स्थिती पहिलीपेक्षा वाईट झाली. बंदीचा कायदा घर झाडतो. झाडणे वाईट नव्हे. पण झाडलेल्या घरात कोण राहावयास येणार, हे कायद्यास ठाऊक नसते. ज्या गावी दारू गेली आणि तिच्या जागी काम आले नाही, उपचार आला नाही, संध्याकाळी बसावयास जागा आली नाही, देवाचे वचन आले नाही, त्या गावी सात जण परत येतात. त्यांत हप्ता आहे, हातभट्टी आहे, खबऱ्या आहे, सुरा आहे.

विदर्भातील दोन शेजारी जिल्हे ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली बंदी झाली, ती डॉक्टर अभय व राणी बंग आणि गावोगावच्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, पुष्कळ वर्षे चळवळ केल्यानंतर. आणि २०१६ पासून तेथे गावसंघटना, चोरट्या विक्रीस आळा व व्यसनी मनुष्यास उपचार ह्या तिन्हींची एकत्र मोहीम सुरू करण्यात आली. तेथेही चोरटी दारू समूळ गेली नाही. पण बंदी टिकून आहे. चंद्रपूर जिल्ह्यातही स्त्रियांच्या मोठ्या आंदोलनानंतरच एप्रिल २०१५ मध्ये बंदी आली. परंतु मे २०२१ मध्ये, चोरटी दारू व गुन्हे वाढले आणि त्या धंद्यात स्त्रिया व मुले ओढली गेली, असे कारण देऊन सरकारने ती उठविली. दोन्हीकडे स्त्रियांचे अश्रू सारखेच खरे होते. ह्यावरून आम्ही इतकेच म्हणतो की, बंदी मिळविणे हे कामाचा आरंभ आहे; तोच शेवट समजणाराचे घर रिकामे राहते.

बिहारचे उदाहरणही बोधप्रद आहे. तेथे एप्रिल २०१६ पासून पूर्ण बंदी आहे. पिणाऱ्यांसही तुरुंगात घालू लागल्याने लाखो माणसे पकडली गेली, कोर्टे तुंबली. अखेर २०२२ साली कायदा सौम्य करून प्रथम पकडलेल्या पिणाऱ्यास दंड भरून सुटण्याची वाट द्यावी लागली. पोर्तुगाल देशाने तर २००१ सालीच गर्दासारख्या अंमली पदार्थांच्या बाबतीत असे ठरविले की, विकणारा तो गुन्हेगारच, पण दहा दिवसांपुरते स्वतःजवळ बाळगणारास फौजदारी कोर्टात न नेता एका लहान मंडळापुढे न्यावे व उपचाराकडे वळवावे. ह्याने टोळ्यांचा नफा बुडाला नाही, कारण विक्री चोरटीच राहिली. परंतु सुईने घेणाऱ्यांतील एड्सच्या विषाणूचा फैलाव पुष्कळ घटला व रोगी माणसे तुरुंगाबाहेर राहिली. आपल्या देशाच्या १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यातही, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी मनुष्यास खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम आहे. धर्मशिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. एखाद्या आईच्या उपयोगी पडेल.

तर मग आमचे मत काय? बंदीने गुन्हेगारीस चारा मिळतो, हे खरे आहे व ते प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. परंतु त्यावरून गुत्ता उघडावा असे सिद्ध होत नाही. कारण गुत्ताही हिंसेस चारा घालितो, फक्त त्याचा बळी घरात असतो. वरून लादलेली, पिणाऱ्यास तुरुंगात घालणारी व हप्त्यावर चालणारी बंदी आम्हांस मान्य नाही. गावाने स्वतः मागितलेली, विकणाऱ्यास अडविणारी व पिणाऱ्यास उचलून धरणारी बंदी आम्हांस मान्य आहे. महाराष्ट्रात गावातील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीस मत दिल्यास परवान्याचे दुकान बंद करिता येते. ह्या वाटेत गावाची शक्ती मोजली जाते, म्हणून ती आम्हांस बरी वाटते. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेस वाढत्या गुत्त्यांविरुद्ध लिहिले. तेव्हापासून आजवर हे काम आपल्याच लोकांचे आहे, परक्यांचे नव्हे.

मात्र जी मंडळी सही करील तिच्यावर ऋण चढेल, हे विसरू नये. जी विधवा चूल पेटविण्यासाठी भट्टी लाविते, तिची भट्टी फोडण्यापूर्वी तिच्या चुलीची सोय मंडळीने पाहावी. शेळी असो, शिवणयंत्र असो, कोणाच्या शेतातील काम असो. वैर साधण्यासाठी कोणाची खबर पोलिसांस देऊ नये. खबर द्यावयाची तर मोठ्या विक्रेत्याची, आणि एकट्याने नव्हे, पंचांसह उघडपणे द्यावी. चोरट्या धंद्याचा पैसा मंडळीच्या थैलीत घेऊ नये, तो देणारा कितीही मोठा असो. जो पिऊन पडला आहे त्याला प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवणे भाग पडले, तर त्याच आठवड्यात त्याच्या घरी जाणेही भाग आहे. नाहीतर ती शिस्त नव्हे, टाकून देणे होय. एकाएकी दारू सोडलेल्या जुन्या मद्यप्यास कंप, भास व झटके येऊ शकतात व त्यांत प्राणही जातो; त्यास भूत लागले असे न समजता डॉक्टरांकडे न्यावे आणि प्रार्थनाही करावी. आणि संध्याकाळ, जी पूर्वी गुत्त्याची होती, ती मोकळी सोडू नये. भजन, वाचन, मुलांचा अभ्यास, पुरुषांची बैठक, काही तरी देवळाच्या ओसरीवर दिवा लावून चालले पाहिजे.

बंधुभगिनींनो, सरकार कायदा करील आणि मोडील. तो त्याचा अधिकार आहे. दारू दुकानात असो की चोराच्या गोणीत, आपल्या गावातील घर रिकामे राहू न देणे हा अधिकार मात्र प्रभूने कोणत्याही सरकाराकडे सोपविलेला नाही. तो त्याने मंडळीकडे दिला आहे. येत्या रविवारी जेव्हा धर्मशिक्षक सहीचा कागद पुढे ठेवील, तेव्हा त्याने दुसराही एक कागद ठेवावा. त्यावर गावातील पिणाऱ्यांची नव्हे, तर त्यांच्या घरी जाण्यास तयार असणाऱ्यांची नावे लिहावी. पहिल्या कागदावर शंभर सह्या झाल्या आणि दुसऱ्यावर एकही नाव नसले, तर तो पहिला कागद अजून पाठवू नये. दोन्ही भरले, तर देवाचे नाव घेऊन पाठवावा. आणि तो आपल्या हातांच्या कामास यश देवो.